पाहुणे बाबा

१४ जून २००२
बारावी पास. बायोत बरे मिळाले. बाबा पेढे घेऊन आले. आईने पुढे पाणी ठेवलं. "बसा. हे येतीलच एवढ्यात."
'हे' म्हणजे बाबाच. फेब्रुवारीत तुळिंजला रिक्षा उलटली, आईच्या डोक्याला मार बसला, तेव्हापासून हे असं. मी तिला मीच वाटते. बाबा मात्र कोणी दुसराच माणूस. "चेहरा हुबेहूब काढलाय," म्हणते.

१७ जून
आईला घेऊन डॉक्टरकडे. "चेहरा ओळखतात त्या. त्याच्याबरोबर जो आपलेपणा वाटायला हवा, तो पोचत नाही. वाद घालू नका."
हे सगळं शिकायचं तर कुठे, मी विचारलं. न्यूरोसायन्सची वेगळी पदवी इथे नाही म्हणाले. आधी साधी बी.एस्सी. कर.

२० जून
वसईच्या कॉलेजात चौकशी. झूऑ. मिळेल, केमि. मिळेल. सायको. आर्ट्सला. "दोन्ही एकत्र बसत नाहीत." म्हणजे मेंदू एका इमारतीत, मन दुसरीत!
पुण्यात एका कॉलेजात झूऑ. करून सायको.च्या तासांना बसू देतात. पण हॉस्टेल. आणि आई?
तरी बेत मांडला. पहिल्या वर्षी झूऑ., बॉटनी, केमि. मग फिजिऑलॉजी. तिसऱ्याला मज्जासंस्था, मिळालीच तर. त्यापुढे...

२३ जून
बाबांकडे किल्ली आहे, तरी हल्ली बेल वाजवतात. आज आईने त्यांनाच विचारलं, "यांना का हो उशीर?"
बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "गाडी चुकली असेल. येतील."
अगदी सहज. मग दोघं खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहिले.

२६ जून
बाबा म्हणाले, "पुण्याला जा. इथलं मी बघतो."
आईने ऐकलं असावं. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, मागून येऊन माझं मनगट धरलं. "मला या माणसाजवळ एकटीला टाकून जाऊ नकोस. वाईट नाहीये गं तो. पण आहे कोण?"
ओले कपडे तसेच हातात.

२९ जून, दुपार
रविवार... नाही, शनिवार. डोकं ठिकाणावर नाही. बाबा घरी. जेवताना मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी आधी भात घेतला. पूर्वी आधी पोळी घ्यायचे ना? की भातच? आठवेना. इतकी वर्षं समोर जेवलेला माणूस.
"काय बघतेस?"
"काही नाही."
"तुला तरी मीच वाटतो ना?"
"हो, बाबा."
मी म्हणाले, पण थोडं उशिरा. त्यांनी खाली बघून भात कालवला.
पुण्याचं तिकीट उद्याचं. बॅग रिकामीच. बाहेरच्या खोलीत आई त्यांना विचारतेय, "मग, मुक्काम किती दिवस?"
बाबा म्हणाले, "बघू."