जिनचा डोळा

२ डिसेंबर
सारंगखेड्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, रुजू झालो. मालक रतिलालभाईंनी तापीकडची खोली दिली. सकाळीच दत्ताचं दर्शन घेतलं. जत्रेच्या घोड्यांसाठी मांडव उभे राहताहेत. पन्नाशी जवळ आल्यावर असं गाव मिळावं, ही कृपाच. काम एवढंच: जिन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, चालवणारा संगणक सुरू होतानाच कोसळतो, तो उठवायचा. फाटकाबाहेर कपाशीच्या गाड्या खोळंबल्यात.

३ डिसेंबर
दोष सापडला. कर्नल, म्हणजे संगणकाचा गाभा, कॅमेरा चालवणारं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, घेतो आणि तिथेच मान टाकतो. हा कॅमेरा जिनच्या तोंडावर आहे. हात दिसला की जिन थांबवतो. गेल्या हंगामात गोकुळ फिटरचा उजवा हात कपाशी ओढणाऱ्या रुळांत गेला, तेव्हा बसवला. गोकुळ वाचला नाही. हात सापडलाच नाही.
पेनड्राइव्हवरून संगणक उठवला आणि ते मॉड्यूल वगळलं. लगेच सुरू झाला. रतिलालभाईंनी पेढे वाटले. म्हातारा भिला फिटर पेढा हातातच धरून म्हणाला, "भाऊ, डोया खराब नई. त्याले हात दिखी ऱ्हायना."
हात दिसतोय म्हणे! मी हसलो. जिन रिकामं होतं, मी वाकून पाहिलं होतं.

४ डिसेंबर
इथली रीत अशी, की सकाळी बंद रुळाला उजवा हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मगच बटण. मला ती आवडली होती.
भिलाने हात लावला. बटण कोणीही दाबलं नव्हतं. रूळ फिरले. मनगट, कोपर, मग खांदा. मी कमरेला धरून ओढत होतो. हाडं उसासारखी मोडत होती. रुई लाल निघत राहिली.
भिला दवाखान्याच्या वाटेतच गेला.

५ डिसेंबर
जिन उघडून धुतलं. आत काही नाही, भिलाचा हातही नाही. तरी उद्या चालवायचंच, म्हणतात रतिलालभाई. सकाळी माणसं पुन्हा रुळाला हात लावतील.
मॉड्यूल मीच परत घातलं. संगणक कोसळलेला राहिला, तर जिन फिरणार नाही. कोसळण्याआधीची पडद्यावरची ओळ या वेळी वाचली.
उजवे हात: दोन.

६ डिसेंबर
पहाटेच जिनच्या खोलीच्या दाराशी येऊन बसलो. कोणाला आत सोडणार नाही.
विजेची मुख्य तार काढलीय. तरी रूळ फिरताहेत —
रुळांमध्ये बोटं दिसली. एकमेकांना चाचपडत. नमस्कारासाठी. पण दोन्ही उजवे, जुळत नाहीत —
संगणक आपोआप उठला. कोसळला नाही. दत्तात्रेया —
पडद्यावर: उजवे दोन. डावा एक.
मी तर दाराशी आहे. लांब. उजव्या हाताने लिहितोय. डावा मांडीवर —
मांडीवर नाही —