तांडेलाला निजवणारं पुस्तक

११ फेब्रुवारी १९७८, पालघर
सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. सहा वर्षं बाबांना नुसता उजेड-अंधार कळत होता. आता दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस मान हलली तर डोळा गेला. चाळीस वर्षं बोट हाकलेल्या तांडेलाला हे ऐकवायचं कुणी? मीच. नवरा दर्यावर.

१२ फेब्रुवारी
बाबा सकाळपासून तीनदा उठायला निघाले. नर्सबाई म्हणाल्या, काहीतरी वाचून दाखवा, पडून राहतील.
बाजारातल्या वाचनालयात गेले. एका वेळी एकच पुस्तक. ग्रंथपाल कमलाकांतांनी दोन पुढ्यात ठेवली – एका कप्तानाच्या दर्यावरच्या आठवणी, आणि कुठल्याशा महाराजांचं जाडजूड चरित्र. "तांडेलाला दर्याच न्या." मलाही पटलं. काय माझी अक्कल!

१३ फेब्रुवारी
पान नऊ. भर वादळात कप्तान शीड चढवतो. बाबा ताडकन उठून बसले – "शीड उतरव, मेल्या! बोट घालवशील!" एक पिशवी खाली, अख्खा वॉर्ड जागा. डॉक्टर माझ्यावरच खेकसले. डोळा थोडक्यात वाचला, पुन्हा असं झालं तर हात टेकले म्हणाले. मी संडासात जाऊन रडले. फार घाबरले होते.

१४ फेब्रुवारी
कप्तान वाचनालयात परत, महाराज वॉर्डात. जन्म, मुंज, राज्याभिषेक, हत्ती. बाबा दहा मिनिटांत घोरायला लागले. राजघराण्याचा कुणाला तरी उपयोग झाला!

१५ फेब्रुवारी
महाराजांचं तिसरं लग्न. घोरणं चालू.

१६ फेब्रुवारी
"त्या कप्तानाचा काय झाला? तो वाच." म्हटलं, दुसऱ्या कुणी नेलंय. खोटंच. "मंग राजाला बोटीत घाल."
घातला. शिकारीला निघालेले महाराज सातपाटीला होडीत चढवले, हत्ती ठेवला किनाऱ्यावर. पहिल्याच लाटेला महाराज प्रधानाच्या पगडीत ओकले. बाबा मान न हलवता हसतात, नुसतं पोट हलतं. शेजारच्या खाटेवरचा बुधा म्हणाला, "बाय, जरा मोठ्यानं वाच. आमाला पण ऐकू दे."

१८ फेब्रुवारी
राजा अजून समुद्रात. पिशव्या जागच्या जागी. उद्या पट्टी सुटणार. मला जेवण गेलं नाही.

१९ फेब्रुवारी
दिसतंय! बाबा माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.
"सुगंधा, केस कवा पिकले गं तुजे?"
रोज दोन डोळ्यांनी बघणाऱ्या नवऱ्याला अजून दिसलेले नाहीत.