डाव्या बाजूचा आवाज

मिरकरवाडा, रत्नागिरी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. तू नाही फोडलंस तर तुझी आई तरी फोडेल.

शनिवारी सकाळी अकराला, बंदरात मासळीचा लिलाव ऐन भरात असताना आपल्या कंपनीचा मोठा राउटर बंद पडला. बावीस मिनिटं अर्ध्या रत्नागिरीचं इंटरनेट गेलं. हॉस्पिटलातून मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचे फोटो अडकले. आणि आपली इंजिनियर, माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, मशीन पुन्हा चालू झाल्याबरोबर बॅग उचलून चिपळूणला निघून गेली!

जाताना म्हणालीस की मशीन काकांनीच पाडलं. पॉवर सप्लाय मी ओढला, कबूल. पण दोनांतला एक गेलाय हे तूच सांगितलंस ना? मी कान लावला. डावा घरघरत होता, उजवा गपगार. अगो, पंधराव्या वर्षापासून ट्रॉलरची इंजिनं ऐकत आलोय. धक्क्यावर उभा राहून सांगायचो कुणाच्या बोटीचं बेअरिंग गेलंय ते. जे ओरडतं ते आजारी, एवढं मला शाळेत न जाता कळतं. त्यात तू मागून थांबा थांबा म्हणून असा गलका केलास की हात घाईत गेला.

हॉस्पिटलला दिलेल्या रिपोर्टात तुझ्या देखरेखीखालचं काम म्हणून तुझं नाव घातलं, त्यात खोटं काय? मशीनला हात लावताना बांधायचा पट्टा तुझ्याच मनगटाला होता. मालकाचं नाव खराब झालं तर कंपनी बुडते. तू लहान आहेस, लोक विसरतील. भावेशकडे बघ जरा. माझा मुलगा म्हणून नाही सांगत, पण चकार शब्द काढत नाही. त्याच्याकडून शीक आणि सोमवारी कामावर ये.

वहिनीस नमस्कार. माया आहे तशी ठेव, तोंड तेवढं आवर.

तुझा काका,
खंडू


चिपळूण
१६ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. खंडूकाकांस,
रुपालीचा सा. न. वि. वि.

पाकीट मीच फोडलं. सोमवारी येणार नाही.

हॉस्पिटलवाल्यांनी तुमचा रिपोर्ट वाचून मला कळवलंय, की यापुढे त्यांच्या कामाला मी हात लावायचा नाही. त्यांची पहिली तार मी ओढली होती, काका. आठ वर्षांत कमावलेलं नाव तुम्ही एका ओळीत घालवलंत, आणि वर म्हणता लोक विसरतील. मी विसरणार नाही.

तुमच्या कानांबद्दल सांगते. राउटर म्हणजे बोट नाही. दोन सप्लाय असतात ते एक गेला तर दुसऱ्याने मशीन चालवावं म्हणून. उजवा बुधवारीच मेला होता. मेलेला आवाज कसा करेल? डावा घरघरत होता कारण दोघांचं ओझं तो एकटा ओढत होता. त्याचा पंखा जोरात फिरत होता. उजव्याचा दिवा विझलेला, डाव्याचा हिरवा. मी बोट दाखवून ओरडत होते ते दिव्याकडे. तुम्ही दिवा बघितला नाहीत, कान लावलात आणि जिवंत होता तोच उपटलात.

उजवा बदलायला हवा, हे मी भावेशदादाला बुधवारीच लिहून पाठवलं होतं. गुरुवारीही पाठवलं, शुक्रवारीही. विचारा त्याला. चकार शब्द काढत नाही, हे खरं आहे.

आणखी एक. तुम्ही नवा सप्लाय डावीकडे घातलात. उजवीकडे मेलेला अजून तसाच आहे, म्हणजे मशीन आजही एका पायावर उभं आहे. नवा बिघडला तर पुन्हा सगळं अंधारात. तुम्ही टेबलाखाली फेकलेला जुना डावा धडधाकट आहे, तोच उजवीकडे बसवा. आधी पट्टा मनगटाला बांधून रॅकच्या उघड्या लोखंडाला अडकवा. अंगातली वीज आपल्याला जाणवत नाही, पण मशीनचा जीव घेते. मग उजव्याचाच स्विच बंद करून वायर काढा. ओढण्याआधी दिवा पुन्हा बघा.

राग तुमच्यावर आहे, मशीनवर नाही. रिपोर्ट तुमच्या हाताने दुरुस्त होईपर्यंत त्या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही.

काकीला नमस्कार. लोभ असेल तर कागदावर दिसू दे.

आपली,
रुपाली


मिरकरवाडा, रत्नागिरी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका संतापलो की जेवलो नाही. तुझी काकी म्हणाली, खरं लागलं की तुम्ही असेच ताटावरून उठता. मग तिच्यावरही संतापलो.

भावेशला समोर उभा केला. त्याचा फोन मागितला. तुझे तिन्ही मेसेज वाचलेले होते, उत्तर एकालाही नाही. म्हणाला, तुम्ही रागावाल म्हणून बोललो नाही. त्याला काय काय बोललो ते पत्रात लिहिता येणार नाही. आता रोज सकाळी दिवे बघून वहीत नोंद करणं त्याचं काम. वही मी बघतो.

काल सप्लाय बसवला. मीच. पट्टा बांधला, दिवा बघितला, स्विच बंद, वायर काढली. मग दिवा पुन्हा बघितला, तुझ्यावर दातओठ खात. स्क्रू सैल करून मेलेला हळूच ओढला, खाली दुसरा हात धरून. चांगलाच जड आहे गो. टेबलाखालचा डावा पुसून आत सरकवला, तोंडाच्या पितळी पात्यांना बोट न लावता. खट्‌ करून बसला. वायर, स्विच, आणि दिवा हिरवा. बंदरात कुणाला पत्तासुद्धा लागला नाही.

मग कान लावला, सवय जात नाही. दोघं मिळून ओढायला लागल्यावर डावीकडच्या नव्याची घरघर पार बसली. तिथेच स्टुलावर बसून राहिलो. आठ वर्षं या कंपनीत आवाज कुणाचा जास्त, हे मला विचारलं असतं तर मी तुझंच नाव सांगितलं असतं, आणि तक्रार म्हणून सांगितलं असतं.

रिपोर्ट नव्याने लिहिला. पॉवर सप्लाय मालकाने ओढला, इंजिनियरने थांबवायचा प्रयत्न केला, मालकाने ऐकलं नाही. खाली माझी सही. हॉस्पिटलात स्वतः नेऊन मोठ्या साहेबांसमोर उभा राहून वाचला. त्यांनी तुझ्यावरची बंदी उठवली, माझ्यावर घातली. यापुढे त्यांच्या मशीनला मी हात लावायचा नाही. प्रत सोबत आहे, सही नीट बघून घे.

पट्टा तुझ्या खुर्चीवर ठेवलाय, दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. भांडत ये, पण ये.

लोभ कागदावर मागितलास, तो दिला. उरलेला समोर.

तुझा काका,
खंडू