तुझा काही संबंध नाही

५ फेब्रुवारी, बुधवार
उद्यापासून फॅमिली थेरपी. दर गुरुवारी एक बैठक, अशा सहा. कोर्टाने सांगितलंय. सहा झाल्या की मुलगी ठरवणार, शनिवारी माझ्याकडे यायचं की नाही. ठरवायचंय काय त्यात? माझ्याकडे तिची खोली आहे, खिडकी आहे, मी आहे.
संकल्प : आवाज चढवायचा नाही. बायकोला (पूर्वीच्या) टोमणे मारायचे नाहीत. घड्याळाकडे बघायचं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार, संध्या. ७
तिन्ही संकल्प पाळले. तिसरा सोपा गेला, कारण घड्याळ माझ्या पाठीमागे होतं.
चार खुर्च्या, टिश्यूचा खोका, प्लास्टिकचं झाड. थेरपिस्ट बाईंचा नियम असा, की प्रत्येक वाक्य 'मला'ने सुरू करायचं, 'तू'ने नाही. मी लगेच बायकोकडे वळून करून दाखवलं. मला वाटतं, की तू आयुष्यात एकदाही वेळेवर आलेली नाहीस. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. इतक्या झटकन कुणाला जमत नसावं.
भावनांचा तक्ता दिला, खुणा करायला. त्यात 'हताश' दोनदा छापलंय. दाखवून दिलं. या गडबडीत खूण करायची राहिली. तसंही काही वाटत नव्हतं.
शेवटी बटण बोललं. (मुलगी. वय तेरा. लहानपणी माझ्या शर्टाची बटणं चावायची.) म्हणालं, की आई एक सांगते, बाबा भलतंच सांगतो. तुम्ही वेगळे का झालात ते दोघांनी मिळून एकदाच सांगा. एका वाक्यात.
बाईंनी तोच गृहपाठ दिला.
एक वाक्य! मी चौदा वर्षं प्रूफरीडर आहे. औषधांच्या खोक्यातले ते घडीचे कागद तपासतो. 'मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा' हे माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाटली बाहेर पडत नाही. पुढच्या गुरुवारी काम फत्ते.

१२ फेब्रुवारी, बुधवार, ऑफिस
वाक्य तयार. 'तुझ्या आईच्या स्वभावामुळे आम्ही वेगळे झालो.' छोटं, शुद्ध, वादाला जागाच नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
वाद झाला.
बायकोनेही वाक्य आणलं होतं. त्यात मी थंड आणि कोरडा होतो. मी म्हणालो, औषधं अशाच जागी ठेवतात. बटण फिस्सकन हसलं. एक पॉइंट मला. बाईंनी बटणला विचारलं, की हसू कशाचं आलं. बटणने भावनांचा तक्ता उचलून तोंडासमोर धरला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
बायको नऊ मिनिटं उशिरा आली. मी काही बोललो नाही, फक्त बाईंना नऊ हा आकडा सांगितला.
तिचं म्हणणं 'मतभेद', माझं म्हणणं 'वाद'. पाऊण तास त्यात गेला. मध्येच बटणने विचारलं, की खिडकी उघडू का. आम्ही दोघं एकदम नाही म्हणालो. लग्नानंतरचं पहिलं एकमत! बाईंच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलंच असणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार, संध्या. ६
बटण आलं होतं. सिनेमाला जाऊ या म्हणत होतं. म्हटलं, वाक्याचं तेवढं होऊ दे, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं. चौथा खर्डा झाला. फार सफाईदार. बटण दिवसभर खोलीत होतं. आवाज नाही, म्हणजे मजेत असणार. जाताना आपली उशी बरोबर घेऊन गेलं. धुवायची असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
वाक्य आता एकेचाळीस शब्दांचं. अर्धविराम तीन. बायकोला अर्धविराम खटकतो. मी समजावलं, की अर्धविराम म्हणजे बोलणं अजून संपलेलं नाही. ती म्हणाली, की तेच तर खटकतंय.
तक्त्यावर आज खूण केली. 'ठीक' हा पर्याय नव्हता, तो मी खाली लिहून घेतला.

६ मार्च, गुरुवार
नवी पद्धत. ती माझे शब्द काढते, मी तिचे. झपाट्याने प्रगती. बाईंनी मध्येच विचारलं, की हे वाक्य ऐकून बटणला काय वाटेल. म्हटलं, आधी पूर्ण होऊ दे, मग तिला विचारू. बटण झाडाची प्लास्टिकची पानं मोजत होतं. नंतर म्हणालं, की एक पान कमी आहे. कशापेक्षा कमी, ते विचारायचं राहिलं.
संकल्प : पुढच्या शनिवारी, पंधराला, सिनेमा. नक्की.

१३ मार्च, गुरुवार. शेवटची बैठक
झालं! सगळं काढून टाकल्यावर जे उरलं, ते दोघांनाही मान्य. 'आमच्या भांडणाशी तुझा काही संबंध नाही.' सहा शब्द. बायकोने डोळे पुसले. म्हणाली, की तुला एकदा तरी नीट लिहिता आलं. मी टोमणा गिळला.
वाचून दाखवायला वळलो, तर चौथी खुर्ची रिकामी.
बाई म्हणाल्या, की वीस मिनिटांपूर्वीच बटणने जाऊ का म्हणून विचारलं. तिची आई हं म्हणाली. मी हं म्हणालो. मला आठवत नाही, पण बाई खोटं कशाला बोलतील. बटण बस पकडून घरी गेलं होतं.
हरकत नाही. कागदावर दोघांनी सह्या केल्या, मी फोटो काढून पाठवला. उद्यापर्यंत थँक्यू येईल.

१४ मार्च, शुक्रवार
नेट स्लो असेल.

१५ मार्च, शनिवार, सकाळी १०
खोली झाडली. नवी उशी आणली. सिनेमाची दोन तिकिटं काढली, दुपारी दोनची.
९.४०ला बटणचा मेसेज आला. 'वाक्य वाचलं. मग शनिवारी माझं काय काम?'
मेसेजमध्ये चूक नाही. प्रश्नचिन्हसुद्धा जागच्या जागी. मीच शिकवलंय.
उत्तर लिहायला घेतलं. 'तू' लिहिलं. खोडलं. 'मला' लिहिलं.

दुपारी ४
'मला'च्या पुढे अजून काही नाही.