शेवटच्या पंगतीतली जागा

सापारुआ,
२ मार्च १९८६

ती. विल्माताईस,
योसीनाचा सा. न. वि. वि.

तू अम्बोनहून धाडलेलं काळं कापड मिळालं. उत्तम शुक्रवारच्या प्रभुभोजनाला नवा पोशाख शिव, असं तू बजावलंस. पण कापड मी पेटीत ठेवलंय. मी यंदाही भाकर-द्राक्षारस घ्यायला मेजावर बसणार नाही.

काल चर्चचे पंच दोमिंगुसकाका नेहमीसारखे घरोघर विचारत आले, कुणाशी वैर नाही ना, मन स्वच्छ आहे ना. मी खरं ते सांगितलं. मार्थेनभाऊजींबद्दल माझ्या मनात विष आहे. आमचे पेत्रुस थोरल्या-धाकट्याची जोडी म्हणून त्यांच्या होडीतून, त्यांच्याबरोबर मासेमारीला गेले आणि वादळातून भाऊजी एकटेच परत आले. गावात बोलतात, त्यांनी सख्ख्या भावाला सोडलं. ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. दोन वर्षं झाली, प्रवचन संपलं की मी घरी निघून येते. काका उठताना म्हणाले, अयोग्यपणे घेतलेला घास घेणाऱ्यालाच बाधतो. मग मी कशी बसू?

मुलं बरी आहेत. लवंगा वाळत घातल्यात, त्यात कोंबड्यांनी उच्छाद मांडलाय. रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी,
योसीना


अम्बोन,
११ मार्च १९८६

चि. योसीना हिस अनेक आशीर्वाद.

रागावले आहेच. लहानपणीही तू रुसलीस की आधी जेवण सोडायचीस, आणि मग भुकेनं आणखी रुसायचीस. आई काय करायची, आठवतं? भांडणाचा निवाडा जेवणानंतर. आधी दोघींना एका ताटावर बसवायची. म्हणायची, तोंडात पापेदाचा, सागूच्या चिकट खळीचा गोळा असला की शिव्या देता येत नाहीत.

दोमिंगुसकाकांना शास्त्र माझ्याहून जास्त कळतं. पण प्रभूनं भाकर मोडली तेव्हा त्याला धरून देणारा त्याच मेजावर होता, एवढं मलाही ठाऊक आहे. नाकारणारा होता, पळून जाणारे होते. मन धुऊन या, असं तो कुणाला म्हणाला नाही. उलट त्यांचे पाय त्यानंच धुतले.

तेव्हा विष घेऊनच जा. उतरायचं असेल तर तिथंच उतरेल. मार्थेनला क्षमा कर, असं मी म्हणत नाही. ती काही तोंडानं म्हणून होत नसते. फक्त उपाशी राहू नकोस.

मुलांना माझे पापे. आणि कापड शिवून घे, नाहीतर कसर खाईल.

तुझी काळजी वाहणारी,
विल्माताई


सापारुआ,
२८ मार्च १९८६

ती. विल्माताईस सा. न.

पोशाख शिवला. कापड तुझ्या अंगाच्या मापाने धाडलं होतंस, माझे दोन झाले असते.

आज शेवटच्या पंगतीला बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती. दारातून पाहिलं, तर भाऊजी बाहेर पायरीवर बसलेले. काकांना विचारलं. ते म्हणाले, दोन वर्षं प्रत्येक प्रभुभोजनाला पंगती बसू लागल्या की मार्थेन तिथं जाऊन बसतो. वहिनी मेजावर येत नाही तोवर मला हक्क नाही, म्हणतो. मी प्रवचन संपताच निघून यायची, मला कसं कळणार?

उठून दाराशी गेले. म्हटलं, "भाऊजी, आत या. माझ्या शेजारी जागा आहे."

ते आले. भाकरीची थाळी त्यांनी माझ्यापुढे धरली आणि त्यांचा तळहात दिसला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत दोराचा खोल व्रण. ताई, आपण कोळ्याच्या मुली. क्षणभर दोर धरून असा व्रण पडत नाही. दोन वर्षं मी त्यांच्या हातांकडे पाहिलंच नव्हतं.

उपासनेनंतर विचारलं. दोर पेत्रुसच्या कमरेला होता, तो तुटेपर्यंत त्यांनी धरला होता. इतके दिवस बोलला का नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मी सोडलं नाही, वहिनी. पण आणू शकलो नाही. मग सांगायचं काय?"

त्या मेजावर काय घडतं, ते पाळकांसारखं मला सांगता येणार नाही. माझा घास भाऊजींच्या हातून आला, एवढं खरं. दोन वर्षं मी त्यांच्यावर चिडण्यातच घालवली. पेत्रुससाठी रडायचं राहूनच गेलं होतं. आज चर्चच्या पायरीवर बसून पोटभर रडले. भाऊजी शेजारी बसून होते.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
योसीना