युनिव्हर्सिटीत पडलेलं पागोटं

मु. केनवड, फागुन वद्य पंचमी.

शेलूबाजारचे थोर पाटील, आमचे होता होता राह्यलेले व्याही, मारोतराव यांसी उकंडरावाचा हात जोडून रामराम.

इकडे समदे खुशाल आहेत. तिकडे रंगूबाई वहिनी, ढोरंवासरं अन् तुमचा राग, समदे खुशाल असतीनच. उन्ह तापून राह्यलं आहे, तवा डोक्याले जपा. (डोक्याचीच विचारपूस काहून, ते मागून येईन.)

कुंकवाच्या पंगतीत तुपाची धार तुमच्या आधी फौजदाराच्या पोळीवर पडली, अन् तुमी भरल्या ताटावरून उठून माह्या विजयमालेची तुमच्या जगदेवाशी ठरलेली सोयरीक मोडली, त्याले आता वरीस होत आलं. वाढप्याचा काय दोष? त्यानं चकाकती बटनं पाहिली, घराणं नाही पाहिलं. ते उकरून काढाले मी लिहून नाही राह्यलो. मी लिहून राह्यलो ते नाटकाबद्दल.

तुमच्या जगदेवाचं मले बोलावणं आलं. (तुमाले आलं नाही म्हणे. असो, तुमाले पंगतीतलंच नाटक पुरतं.) बी.ए. होऊन ज्याईचं पोट भरलं नाही अन् जे आता एम.ए. करून राह्यले, अशा पोट्ट्याईनं स्वतः लिहिलेली नवीकोरी नाटकं नागपूरले युनिव्हर्सिटीत होणार, तवा काका, तुमी याच. मी दशमी अन् ठेचा बांधला, खाचरानं वाशिम गाठलं, तिथून आगगाडीत बसलो. डब्यात एकानं विचारलं, कोर्टात केस आहे काय? म्हटलं, नाही बापा, नाटक आहे. त्यानं मले दशमीसकट खालवर पाहिलं अन् तोंड खिडकीकडे केलं.

नाटकं दिवसाउजेडी होती, म्हणजे झोपायचीही सोय नाही. पहिल्या नाटकात एक चष्मेवाला पोट्टा खुर्चीवर बसून खिडकीबाहेर पाहत होता. घंटाभर पाहत होता. मधात मधात "जीवन!" म्हणे अन् उसासा टाके. बाहेर काय होतं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाजूचे प्रोफेसर म्हणाले, यात फार अर्थ आहे. असन. आमच्या इथं असा माणूस दिसला तर त्याले अंगारा लावून आणतात. दुसऱ्या नाटकात दोन पोट्टे लुगडं नेसून चहा पीत होते, अन् चहा खरा होता. पाहणाऱ्याले कोणी विचारलं नाही. अशा घरी सोयरीक करू नये, एवढाच बोध मी घेतला.

तिसरं नाटक तुमच्या चिरंजीवाचं. त्यात एक पाटील होता. पोटाले उशी बांधलेली, बोलाच्या आधी तीनदा खाकरे अन् मंग म्हणे, "आमचं घराणं!" कोणाची नक्कल होती, मले तर बाप्पा ओळखू आली नाही. या पाटलाले पंगतीत तूप उशिरा वाढलं म्हणून तो सोयरीक मोडतो. (लिहिणाऱ्याईले कुठून सुचते, नवल वाटते.) मंग पोरीचा बाप त्याच्या दारी येते, आपलं पागोटं काढते अन् त्याच्या पायाशी ठेवते. अन् तो उशीवाला तोंड फिरवून पान लावत बसते.

मारोतराव, तिथं मले बसवलं नाही. पायाशी ठेवलेलं पागोटं उचलाले कोणी हात पुढं करत नाही, अन् चारपाचशे शिकलेली माणसं नुसती पाहून राह्यली! आपल्या मुलखात पागोटं असं पडून राहू देतात काय? मी उठलो, मंचावर चढलो, पागोटं उचललं, झटकलं अन् त्या बापाच्या डोक्यावर ठेवलं. तो बाप कानात म्हणे, काका, खाली जा, अजून दोन अंक बाकी आहेत. मी म्हटलं, तुह्या दोन अंकात माणूस मरून जाईन. अन् उशीवाल्याकडे वळलो.

"पाटील, तूप उशिरा पडलं म्हणून पोरीचा जलम वाया घालवता काय?"

ते पोट्टं मराठीचं एम.ए., पण लिहिलेलं समदं विसरलं. उशी सावरत म्हणे, "नाही काका. केली सोयरीक."

मंग काय टाळ्या! पडदेवाल्याले वाटलं नाटक संपलं, त्यानं पडदा टाकला. प्रोफेसराईनं शेवट फार स्वाभाविक आहे म्हणून पहिलं बक्षीस यालेच दिलं. दोन अंक कोणी मागितले नाहीत. पडद्यामागं जगदेव आला, माह्या पाया पडला अन् काका सोडून, सासऱ्याले म्हणतात तसं मले "मामाजी" म्हणाला. भाषेचा माणूस आहे, शब्द जपूनच वापरत असन.

एवढीच हकीकत. मी काही मागून नाही राह्यलो. उत्तर नाही दिलं तरी चालन.

तुमचा, अजून तरी कोणी नाही असा,
उकंडराव

ता. क. मंचावरच्या त्या पागोट्याले आतून हिरव्या दोऱ्याचं रफू होतं. असं रफू अख्ख्या तालुक्यात एकट्या रंगूबाई वहिनी करतात. नाटकाले सामान लागते म्हणून जगदेवानं तुमच्या खुंटीवरून नेलं होतं. म्हणजे भर युनिव्हर्सिटीत उशीवाल्याच्या पायाशी तुमचंच पागोटं पडलं होतं. (तुमी घरभर शोधत असान. वहिनीवर संशय घेऊ नका.)

ता. क. दुसरी. मागच्या वैशाखात तुमच्या ओसरीवर माहं पागोटं तुमच्या पायाशी होतं. तुमी पान लावत होते. ते मलेच उचलून घरी यावं लागलं, अन् खरं सांगतो, रस्ताभर डोक्यावर घालवलं नाही. तुमचं मी पडू दिलं नाही. जगदेवाकडून मागून आणलं, ते आता माह्या देवघरात आहे. मांडवात याल तर माह्या हातानं घालीन, अन् तूप पहिलं तुमच्याच पोळीवर पडन. येताना बोडके या.