आढ्याकडे बघणारी पोर

हडपसर, माघ महिना

चि. हौशीराम यास,
थोरला भाऊ म्हणून आशीर्वाद लिहितो. मनातून निघत नाही.

येडगावच्या शाळेत अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तो आवाज अजून कानात आहे. तुला एक ओळ येत नसे. मागच्या बाकावरून नुसतं शेवटचं अक्षर ओरडायचास आणि गुरुजींची शाबासकी घ्यायचास.

माझ्या नातीला, समृद्धीला, पंधराव्या वर्षी त्या सगळ्या कविता पाठ आहेत. मी मुद्दाम शब्द चुकवला की हसते. डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जीभ आणि पाय ऐकत नाहीत, डोकं शाबूत आहे. आणि तू लिहितोस, "तिला काय कळतंय? माझ्या भरतच्या लग्नाला आणू नका, पंगतीत सांडलवंड करील."

दिवाळीत गावी आलो तेव्हा तू तिला विचारलंस, "भात वाढू का गं?" तिनं वर पाहिलं. "आढ्याकडं बघत बसलीय, भूक न्हाई हिला," म्हणत ताट उचललंस. अरे शहाण्या, वर बघणं हाच तिचा होकार! पोर उपाशी निजली.

इथं ती वॉकर धरून गॅलरीभर चालते. मऊ भात सावकाश गिळते. म्हैस व्याली का? तिची तरी विचारपूस नीट करत असशील.

लग्नाला आम्ही येणार नाही.

थांब, दार वाजलं.

तुझीच बायको, सरूबाई! एसटीनं एकटी आलीय. पाणीसुद्धा न पिता समृद्धीपुढं बसली. "माझ्या ताटात जेवशील का गं लग्नात?"

पोरीनं छताकडं पाहिलं, आणि पाहतच राहिली.

पंगतीत आमची पानं मांड.

तुझा दादा,
धोंडीभाऊ